साखरदुर्बिणीचा खोटा आकडा

"आधी पाण्याचा थेंब, मग पाकाचा. पाण्यात शून्य दिसलं, तरच पुढचं खरं." प्रयोगशाळेतल्या मावशींचे हे शब्द माझ्या काचेत मुरले आहेत.

मित्रांनो, मी एक म्हातारी साखरदुर्बीण आहे. कागदोपत्री माझं नाव रिफ्रॅक्टोमीटर. पण ते उच्चारताना अन्नतंत्रज्ञान शिकायला आलेल्या नव्या मुलांची बोबडी वळते. काचेवर थेंब टाकायचा, मला उजेडाकडे धरायचं, एक डोळा मिटायचा, की आत साखरेचा आकडा दिसतो. कितीतरी पापण्या मला गुदगुल्या करून पदवीधर झाल्या!

मावशी मला तान्ह्या बाळासारखं पुसून डबीत निजवायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि मी चमच्यांत लोळू लागले. एकदा धपकन खाली आपटले. कुणीतरी मुकाट्याने उचलून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वर्ग जिला घाईबाई म्हणे, तिने सफरचंदाचा जॅम शिजवला आणि पाणी विसरून थेट जॅमच मला लावला. मी अडुसष्ट टक्के दाखवले. हवे होते तेवढेच! मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले. बारा बाटल्या भरल्या. त्यातली एक तिने फाटकावरच्या काकांना पोचवलीही. नुसत्या वासावर किती वर्षं काढायची, असं ते नेहमी कुरकुरत.

मग मला धुताना तिने सहज डोळा लावला. काचेवर निव्वळ पाणी, आणि आकडा सहा! आपटल्यापासून माझं शून्यच सरकलं होतं. म्हणजे जॅममध्ये साखर बासष्टच. बाटली उघडली, की चार दिवसांत बुरशी. मी शरमेने अर्धमेली झाले.

"गुण मिळालेत ना? गप्प बस की," मैत्रीण कुजबुजली.

ती मात्र मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, माझा आकडा खोटा आहे. मी आधी पाणी लावलंच नाही."

मॅडमनी चार गुण खोडले आणि हसू दाबत म्हणाल्या, "उघड झाकणं. आटव पुन्हा. आणि बाहेर गेलेली बाटली?"

"आजच बदलून देते. शब्द देते."

तिने पाण्याचा थेंब लावून, माझा स्क्रू फिरवून शून्य जुळवलं. जॅम पुन्हा रटरटला. या वेळी मी छाती काढून अडुसष्ट सांगितले!

मित्रांनो, हातून वस्तू पडली तर लपवू नका. आम्हाला तोंड नसतं. आमच्या वतीने तुम्हीच बोला.

काका तोवर पाळी संपवून घरी गेले होते. तिने पत्ता विचारून घेतला, गरम बाटली रुमालात गुंडाळली आणि कुणाला काही न सांगता ती जिना उतरू लागली.