अंबडला पोचेपर्यंत बर्फ

मित्रांनो, मी एक जुना, रुंद तोंडाचा थर्मास आहे. वरून हिरवा पत्रा, आत पातळ काच. मुंबईच्या एका इस्पितळात नर्स असलेल्या सत्यशीलाबाईंनी मला घेतलं आणि पाच वर्षं मी त्यांचा चहा गरम ठेवला. सगळे माझं कौतुक करायचे.

१९७४च्या एप्रिलमध्ये एका सकाळी अंबडहून ट्रंककॉल आला. बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तातेराव गुरुजी बोलत होते. "सत्यशीला, बेबीनंदाला घटसर्प झालाय. घसा बंद होऊन राह्यला. औषध इकडं कुठंच न्हाई."

त्यांची लेक बेबीनंदा पाच वर्षांची होती. बाईंनी धावपळ करून औषधाच्या दोन बाटल्या मिळवल्या. एक लगेच टोचायला, दुसरी गरज पडली तर. माझ्या पोटात बर्फ भरून त्या मधोमध ठेवल्या. बर्फ जेमतेम दहा तास टिकणार होता. रेल्वेनं मनमाडला गाडी बदलून जालना गाठायचं, तर सगळी रात्र गेली असती. विमानानं औरंगाबाद पाऊण तासावर. बाई आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसल्या.

पण विमान उडेना. बिघाड दुरुस्त होईपर्यंत उन्हात तीन तास गेले. बाईंनी माझं झाकण एकदाही उघडलं नाही. मला हळूच हलवायच्या आणि कान लावायच्या. बर्फाचा आवाज कमी होत होता, पाण्याचा वाढत होता. मित्रांनो, मला माझीच लाज वाटू लागली.

औरंगाबादजवळ चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर तातेराव भाड्याची जीप घेऊन उभे होते. "जल्दी चल. पाणीबी उतरंना तिला."

रस्ता खडीचा. प्रत्येक खड्ड्याला माझी काच थरथरायची. "दाजी, सावकाश. काच फुटली तर सगळं गेलं," बाई म्हणाल्या. जीप हळू न्यावी तर पोरगी हातची जाणार, जोरात न्यावी तर औषध. पाऊण तासाचं आकाश संपलं होतं. पुढची वाट अडीच तासांची निघाली.

अंबडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला उघडलं. सुपारीएवढे तीन खडे उरले होते. बाटल्या गार होत्या. बेबीनंदाला इंजेक्शन दिलं.

शेजारच्या खाटेवर वडीगोद्रीच्या रखमाजी पाटलांची नात होती, त्याच आजारानं दुपारी आणलेली. पाटील काही मागत नव्हते. नुसते माझ्याकडे बघत होते.

"दुसरी तिला द्या, डॉक्टर," बेबीनंदाची आई चांगुणाबाई म्हणाली.

"मंग हिला पुन्हा लागली तर?" तातेरावांचा आवाज फाटला.

सत्यशीलाबाईंनी बहिणीकडे पाहिलं. "मंग मी आणीन. उद्या विमान हाय."

बाई दुसऱ्या दिवशी मला घेऊन मुंबईला गेल्या, तिसऱ्या दिवशी नवं औषध घेऊन परत आल्या. या वेळी चिकलठाण्याला रखमाजी पाटील स्वतः जीप घेऊन आले होते. त्यांच्या गावात ज्या दलित वस्तीच्या पाण्याला त्यांच्या घरानं कधी हात लावला नव्हता, तशाच अंबडच्या वस्तीतल्या लेकीचा थर्मास त्यांनी मांडीवर घेतला आणि अंबडपर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला. दवाखान्याच्या दारात चांगुणाबाई उभी होती. "दोघींनीबी दूध पेलं," ती म्हणाली. पाटलांनी मला तिच्या हातात दिलं आणि पायरीवरच बसले.

पुढे माझी काच तडकली. आता मी फळीवर असतो, पोरं माझ्यात पेन्सिली ठेवतात. मित्रांनो, मला टाकू नका असं मी म्हणणार नाही. पण कुणी नाजूक वस्तू तुमच्या हाती दिली, तर पाटलांनी मला धरलं होतं तशी धरा.