एकाच पत्त्यावरून येणारे पाहुणे

मित्रांनो, तैवानमधल्या हूवेइ गावात, खांग मास्तरांच्या बाहुल्यांच्या पेटाऱ्याशेजारी बसलेला जुना संगणक म्हणजे मी. आधी मी एका दातांच्या दवाखान्यात होतो. तिथे नवा आला आणि मला भंगारात काढले. मास्तरांची मुलगी यीछिन मला घरी घेऊन आली. तिने माझ्यात मास्तरांच्या बाहुलीनाट्यांची चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणे भरली. त्यातली कित्येक नाटके त्यांच्याशिवाय कोणालाच येत नव्हती.

पण बाहेरून माझ्यापर्यंत वाट नव्हती. इंटरनेट कंपनीने आमच्यासारख्या कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता दिला होता. म्हणून यीछिनने तैपेइमधल्या एका मोठ्या यंत्राचा छोटासा कोपरा भाड्याने घेतला. हा भाड्याचा सर्व्हर. मी आतून त्याच्याशी एक बंद वाट जोडून ठेवायची. येणाऱ्याने त्याचे दार वाजवायचे आणि त्याने त्याला माझ्याकडे धाडायचे.

खरे सांगतो, माझा त्याच्यावर कधीच विश्वास बसला नाही. कोणालाही धाडताना तो स्वतःचाच पत्ता पुढे करी. आपला असो की परका, माझ्या नोंदीत सगळे सारखेच दिसत.

देवळाचा उत्सव जवळ आला आणि रोज दुपारी कोणीतरी येऊ लागले. एकामागून एक नाटके ऐके, तीन-तीन तास. मी इमानाने नोंद केली आणि ती मास्तरांनी पाहिली.

"पासवर्ड तिघांनाच माहीत. मला, तुला आणि चिनलायला," ते यीछिनला म्हणाले. "गावात ते नवं बाहुलीमंडळ निघालंय, त्याला माझी नाटकं कोण पुरवतंय, कळलं ना?"

"बाबा, चिनलायकाका तीस वर्षं तुमच्याबरोबर ढोल वाजवतायत!"

"म्हणूनच त्याला ठाऊक, कुठली उचलायची ते."

चिनलाय तालमीला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांना बसही म्हटले नाही.

"काय रे, नवे मालक बरे आहेत ना?"

"कोण मालक?"

"ज्यांना माझा आवाज दिलास ते."

चिनलायकाका म्हणाले, "गुरुजी, तुमची बाहुली कधी उडी मारणार, ते मला तुमच्या श्वासावरून कळतं. मला चोरायचं असतं तर यंत्र कशाला लागलं असतं?" आणि ते निघून गेले.

उत्सवात चिनलायकाका आले नाहीत, म्हणून मास्तरांनी माझ्यातला ध्वनिमुद्रित ढोल लावला. बाहुली आधी पडली, ढोल नंतर वाजला. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी यीछिनने भाड्याच्या सर्व्हरची नोंद उघडली. दार वाजवणाऱ्यांचे खरे पत्ते त्याच्याकडे होते. आजवर त्याला कोणी विचारलेच नव्हते. दुपारचा पत्ता दर वेळी देवळातल्या वायफायचाच होता. तिने तो पुन्हा पुन्हा वाचला आणि ती वडिलांकडे वळली.

"बाबा, दुपारी देवळाच्या ओट्यावर काय करता?"

"काय करणार? चहा पितो. फोनवर माझंच एखादं नाटक लावतो. मग जरा डोळा लागतो."

"आणि फोन?"

"वाजत असतो मांडीवर."

"एक नाटक संपलं की तो आपोआप पुढचं लावतो, बाबा. रोज दुपारी येणारा तो फोन तुमचा आहे."

मास्तर उठून माझ्याजवळ आले. मला वाटले, आता हे मला उचलून फेकणार. पण त्यांनी चपला घातल्या आणि चालत चिनलायकाकांच्या घरी गेले.

परतले तेव्हा यीछिनने विचारले, "काय म्हणाले काका?"

"जेवलात का, म्हणाला."

"आणि?"

"मला रडू आलं. तर त्याने मला आत ओढलं नि दार लावून घेतलं, शेजारी बघतील म्हणून."

"ढोल वाजवायला येणार आहेत?"

"ते विचारायचं धाडस झालं नाही, पोरी."

मित्रांनो, माझी नोंद खोटी नव्हती, ती अर्धी होती. कोणाकडे बोट दाखवण्याआधी उरलेली अर्धी कोणाजवळ आहे, ते जाऊन विचारा. मी बिघडलो तर दुसरा संगणक मिळेल. श्वास ओळखणारा माणूस तसा मिळत नाही. त्याला जपा.