खाडी उघडली त्या सकाळी

खाडी बंद झाली तेव्हापासून वहिनी आपल्या नणंदेशी बोलत नव्हती, कारण खाडी बंद करणारी नणंदच होती. ती किनाऱ्याच्या राखीव पट्ट्यावर रक्षक. शिंपल्या दिसेनाशा व्हायला लागल्यावर तिनेच वेचणाऱ्या बायकांना समजावून, कधी दटावून, चिखलात उतरायची बंदी केली. वहिनी त्याच बायकांपैकी एक. घरच्याच माणसाने पोटावर पाय दिला, असं तिने ठरवून टाकलं. हाल झाले ते दोघींच्या मधल्या माणसाचे. एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, तो एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेल्या दोघींचे निरोप पोचवत राहिला.

शेवटी शिंपल्या पुन्हा वाढल्याची खात्री झाली आणि अलीकडची अर्धी खाडी उघडली. एकीला एकच टोपली, आणि लोखंडी कडीतून जी शिंपली आरपार पडेल ती लहान, ती चिखलात परत.

ओहोटी लागली तशी वहिनी तोंड फुगवूनच उतरली. खुरपी घातली, टण्णकन वाजली. तळहातभर शिंपली निघाली. कडीत अडकली. दुसरीही अडकली. आजूबाजूला बायका उगाचच खिदळत होत्या. शेजारची काकू तर हसता हसता चिखलात बसलीच. वहिनीने ओठ घट्ट दाबून धरले.

हा गलका कशाचा ते बघायला नणंद गणवेशात धावत आली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. एक पाय उपसावा तर दुसरा आत. क्षणभर कुणी हसायला धजेना. वहिनीने खुरपी टाकली, तिचे दोन्ही हात धरले आणि जोर लावला. पाय निघाला, बूट आतच राहिला, आणि दोघी सपशेल आडव्या झाल्या.

वहिनीच्या बोटांना काहीतरी लागलं. तिने ते वर काढलं.

"वन्सं, बघा, तुमच्या अंगाखालीसुद्धा आहेत."

"आधी कडीतून टाकून बघ, वहिनी."

काठावरून भावाने सवयीने विचारलं, कुणाला काय सांगायचंय. मग मात्र दोघींना हसू आवरेना. पोट दुखेपर्यंत हसल्या. एकीने थांबावं तर दुसरीच्या नाकावरचा चिखल बघून पुन्हा सुरू. ती शिंपली कडीतून अलगद खाली पडली होती. वहिनीने अंगठ्याने दाबून ती जागच्या जागी पुरली.

टोपल्या भरल्या, पाणी चढू लागलं. वहिनीची टोपली दोघींनी दोन बाजूंनी धरली. पलीकडची बाजू पुढच्या वर्षी उघडायचा विचार आहे, असं नणंद चालता चालता म्हणाली.

वहिनी थबकली. "इतक्यात नको. राहू दे अजून बंद. कुणी कुरकुर केली तर माझ्याकडे पाठवा."

नणंदेने मान डोलावली आणि एका बुटावर लंगडत, टोपली सावरत ती पुन्हा हसू लागली.