हिरामणचं ‘बरा हाय’

“आवो, परत दाखवतान तुमाला!”

हौसाने आतून हाक मारली तेव्हा हिरामण पडवीत दाढी करत होता. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून तो दारात आला. टीव्हीवर चंद्रावती मोकल यांच्या फोटोला हार घातलेला होता. शेजारच्या चौकटीत हिरामण स्वतः उभा होता, काही वर्षांपूर्वीचा, इस्त्रीच्या शर्टात.

चंद्रावतीबाई आदल्या दिवशी बातम्या द्यायला निघाल्या आणि जिन्यातच कोसळल्या. वय काही जाण्याचं नव्हतं. मूळच्या रोह्याच्या, त्यामुळे पेणपर्यंत घरोघरी त्या हक्काच्या. मंत्र्यालाही घाम फोडणारी बाई आपल्या भागातली, याचा सगळ्यांना मोठा अभिमान. प्रश्न दुसऱ्याला असला की अभिमान बाळगणं सोपं जातं.

हिरामणला मात्र त्यांनी प्रश्न विचारला होता. धरमतरच्या खाडीकाठी त्याचं शेत. उधाणात बांध फुटून खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं. बाई स्वतः चिखलात उतरल्या, माईक पुढे धरून म्हणाल्या, “काका, कसं चाललंय?” बांधाचं कंत्राट घेतलेले हैबतराव कॅमेऱ्यामागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले. मग हिरामणही हसला.

“बरा हाय. काय तक्रार नाय.”

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. कॅमेरा वळवून त्याच्या पाठीमागचं कुजलेलं भात दाखवलं, बस्स.

मुलाखत गाजली. ती साहेबलोकांनीही पाहिली आणि खुद्द शेतकऱ्याचीच तक्रार नाही म्हटल्यावर बांधाचं प्रकरण मिटवून टाकलं. पुढच्या उधाणात शेजारच्या गिरजाबाईचं शेतही खाऱ्यात गेलं. विधवा बाई. रोह्याला लेकीकडे गेली, तिथे एका खानावळीत भाकऱ्या थापू लागली. जाताना हिरामणला म्हणाली, “येते रं.” तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर हिरामणला दोन घास सुखाने गेले असते.

आता टीव्हीवर एक विद्वान सांगत होते, “या ‘बरा हाय’मध्ये कोकणी माणसाचं अख्खं तत्त्वज्ञान आहे. पाय पाण्यात, पण ओठांवर तक्रार नाही!” दुसऱ्या विद्वानांनी चष्मा काढून डोळे पुसले.

दारात रिक्षावाला केरू उगवला. “हिरामणदा, बाय गेली पन तुला हिरो करून गेली रं! पेनला नाक्यावर पोरा एकमेकांना ‘बरा हाय’ बोलतान.”

“गप रं.”

“लाजतंय बघा कसा!” केरू म्हणाला. त्याचं निदान अगदी बरोबर होतं, फक्त कारण चुकलं होतं.

दुपारी रोह्याहून दिनानाथ सरांचा फोन आला. गावातल्या सगळ्या सत्कारांचे आणि शोकसभांचे सूत्रसंचालक तेच. “संध्याकाळी इथे बाजारात बाईंची शोकसभा आहे. तुम्ही दोन शब्द बोलायचे.”

“माना बोलता नाय येत, सर.”

“तेच तर हवंय! तुमचं ते वाक्य म्हणा, नमस्कार करा, बसा.”

फोन ठेवल्यावर हौसा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “गिरजा असंल तिथं. त्या बायला लय मानायची ती.”

“व्हय.”

“तिच्यासमोर तेच बोलशाल?”

“मंग जाऊच नको कं?”

“जावा,” ती मान वर न करता म्हणाली. “पन तसा बोलून घरी येऊ नका.”

इतक्या वर्षांत हौसाने हा विषय काढला नव्हता. तिला काही वाटत नसावं, अशी हिरामणने स्वतःची सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

सभेच्या फ्लेक्सवर मधोमध चंद्रावतीबाई होत्या आणि भोवती शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यात हैबतराव सर्वांत मोठे शोकाकुल होते. “शोकसभेत सत्कार करत नाहीत,” दिनानाथ सर माईकवर म्हणाले, “परंतु,” आणि हैबतरावांनी हिरामणच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे न कळून काहींनी मध्येच थांबवल्या.

हिरामणने माईक हातात घेतला. बायकांच्या खुर्च्यांत, दुसऱ्या रांगेत गिरजाबाई बसली होती. वाळली होती. पदराच्या टोकाला पीठ होतं.

“बरा...” तो म्हणाला आणि थांबला. पुढच्या रांगा आधीच कौतुकाने हसल्या.

“बरा नव्हता,” हिरामण म्हणाला. “भात कुजला व्हता. मी खोटा बोललू.”

हसू जागच्या जागी राहिलं.

“हैबतराव समोर व्हते. मी भ्यालू. ते काय बोलले नाय, मीच भ्यालू. बायला समाजला व्हता मी खोटा बोलतंय. परत इचारला असता तर माजी लाज गेली असती, म्हनून तिनं इचारला नाय. आन मी लाज घेऊन घरी आयलू. गिरजाबाय, तुजा शेत...”

“काकांच्या भावना अनावर झाल्या आहेत,” दिनानाथ सर दुसऱ्या माईकवरून म्हणाले. इतक्या सभांच्या अनुभवाने त्यांना धोका लांबूनच दिसत असे. “आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू या.”

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, माना खाली गेल्या. हैबतरावांची सर्वांत खाली. बोलायची सोयच राहिली नाही. हिरामण शालीत उभा राहिला. हातातला माईक बंद करायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि स्तब्धतेत पुढे होऊन तो कोण बंद करणार? त्याचा श्वास कर्ण्यातून सगळ्या बाजारभर जाऊ लागला. मोठा, अडखळता. रस्त्यापलीकडे कोलंबीचे वाटे लावणारी बाई हात थांबवून कर्ण्याकडे बघू लागली.

गिरजाबाई एकटी उठली नव्हती. मांडीवर हात ठेवून ती हिरामणकडे बघत होती, पुढचं ऐकायला.