बसल्या जागी चालणारे महाराज

हेडमास्तर साहेब, त्या भोंदूला शाळेच्या मैदानात खुर्ची तुम्ही दिली. फळा तुम्ही दिला. खडू सरकारचा होता, तोही तुम्हीच दिला. आणि मॅट्रिकची परीक्षा चोवीस दिवसांवर आली असताना शाळेला सुट्टी देऊन पोरांना त्याच्या पुढ्यात बसवलं, तेही तुम्हीच. तुमचं नाव मी लिहीत नाही. शहापूरहून दोन कोस आत आमचं गाव. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

सन एकोणऐंशीचा फेब्रुवारी. मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्मृतिनाथ महाराज फळ्याकडे पाठ करून बसलेले, डोळ्यांवर भगवी पट्टी. लोकांनी एकेका वस्तूचं नाव ओरडायचं, मास्तरांनी आकडा घालून ते फळ्यावर लिहायचं.

"बोलो बच्चा, बोलो! जो बोलोगे, मैया लिख लेगी!" महाराजांनी कपाळावर टिचकी मारली. "ही पाटी सरस्वतीची. हिला पुसणारा अजून जन्मला नाही!"

"सूप!" "हंडा!" "शिवणाची मशीन!" "कोंबडा!"

तीस नावं झाली. महाराज सुपापासून निघाले ते थेट तिसाव्या छत्रीपर्यंत. मग छत्रीपासून उलटे सुपापर्यंत. टाळ्या थांबेनात. चुकलं एकच. सतरावं नाव दोन्ही वेळा गाळलं गेलं. ते होतं 'गिट्टी', म्हणजे खडी. सडकेवर गिट्टी फोडणाऱ्या बाबुलालनं ओरडून सांगितलेलं.

"महाराज, माही गिट्टी राहिली," बाबुलाल म्हणाला.

महाराज गोड हसले. "शब्द कोणाच्या तोंडून आला, ते मैया पाहते रे बाबा."

बाबुलाल बौद्ध. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो उठून चालू लागला. साहेब, तुम्ही तेव्हा महाराजांच्या गळ्यात हार घालत होता.

मग निघालं भस्म. रोज सकाळी चिमूटभर, मधात. एकवीस दिवस. आणि अट? "पुस्तकाला हात लावायचा नाही. कागदाचा स्पर्श झाला की भस्माचा गुण गेला." परीक्षेचा निकाल लागेपर्यंत महाराज कुठच्या कुठे गेलेले असणार, हा हिशेब कोणालाच सुचला नाही. अकरा पोरांनी भस्म घेतलं.

त्यातली एक धनीरामची शेवंता. मागल्या वर्षी गणितात गेलेली. नर्स व्हायचं तिच्या मनात. बापानं बजावलेलं, या खेपेला नापास झाली तर वैशाखात लग्न. धनीराम वाईट माणूस नव्हे. पोरगी पास व्हावी म्हणूनच त्यानं तिची पुस्तकं उचलून धानाच्या ढोलीत टाकली आणि वर झाकण लावलं.

शेवंताची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, गिरजाबाई. बिलकूल अंगठाछाप. पण धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत चाळीस बायांची टोळी हिच्या शब्दावर चालते. कोणती बाई कोणत्या बांधीत, कोणी किती पेंढ्या नेल्या, सगळं तोंडी. आमच्याकडे धानाच्या प्रत्येक बांधीला, शेताच्या प्रत्येक तुकड्याला, नाव असतं: जांभूळवाली, बोडीखालची म्हणजे तळ्याखालची, भुताची, सासूची. गिरजाबाई डोळे मिटते आणि धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधावरून, मनातच फिरून येते.

आठव्या दिवशी मी तिच्या अंगणात बसलो होतो. ती म्हणाली, "गा, तो बाबा बसला नोयता."

"म्हणजे?"

"चालून राहिला होता. पायाचा अंगठा पाहा त्याचा. मुंडकं असं डावीकडं, असं उजवीकडं. मी बांध्या फिरतो तवा माहंबी असंच होते."

"मग तू तीस नावं सांगशील?"

"पाहू ना. कोणाच्या बापाचं काय जाते?"

महाराजांचा मुक्काम अजून गावातच होता. नवव्या दिवशी, त्याच मैदानात, त्यांच्या समोर गिरजाबाई पदर खोचून बसली. लोक हसत होते. नावं पडली: कंदील, म्हैस, पोलिसाची टोपी, पाळणा, ढेकूळ, घड्याळ... तीस. बाईनं डोळे मिटले. अंगठा हलू लागला. कंदिलापासून निघाली ती तिसाव्या पोळपाटापर्यंत गेली, आणि वळून परत आली. राहिलं एकच. ढेकूळ.

लोक उभे राहून फळ्याशी ताडून पाहू लागले. महाराज मात्र पट्टीचे! हात जोडून उभे. "मैया! हिच्या अंगात मैया आली!"

झालं. मघाशी हसणारे धडाधड बाईच्या पायावर.

"उठा बे!" गिरजाबाई ओरडली. "मैया कायची आली? जांभूळवालीत मी म्हैस उभी केली, शिंगाले टोपी अडकवली. बोडीखालच्या बांधीत पाळणा टांगला. धुऱ्यानं गेली आणि पाहून आली. मैया असती तर ढेकूळ काहून भुलली असती?"

"काहून भुलली?" बाबुलालनं विचारलं. तो कुंपणाबाहेर उभा होता.

"अगा, ढेकूळ बांधीत ठेवलं. बांधीत ढेकळंच ढेकळं! दिसन कसं?"

बाबुलाल कुंपण ओलांडून आत आला. महाराजांच्या पुढ्यात उभा राहिला.

"महाराज, तुमची मनातली वाट सडकेनं जाते न? माही गिट्टी तुम्ही सडकेवर ठेवली. म्हणून दिसली नाई. माह्या तोंडाचा काय दोष होता?"

महाराजांनी पायाचा अंगठा भगव्या वस्त्राखाली ओढून घेतला.

आता शेवंता उठली. "महाराज, नऊ दिवस भस्म खाल्लं. मले येत होतं ते प्रमेयबी आता अर्ध्यात तुटते. काहून?"

उत्तर गिरजाबाईनं दिलं. "पोरी, पायवाट एकदा गेल्यानं पडत नाई. रोज जा लागते. नऊ दिवस कोणी गेलं नाई तर गवत माजते."

मेंदू कसा शिकतो, हे मी जाड पुस्तकांत वाचलं, डोकं धरून वाचलं. पण याहून सोपं कुठे सापडलं नाही. नवं ते जुन्याला बांधा. विचित्र करून बांधा, म्हणजे दिसेल. पुस्तक मिटून आपल्या तोंडानं सांगून पाहा. दोन दिवसांनी पुन्हा सांगा. जिथे तुटेल तिथे पुन्हा चाला. त्याला ना भस्म लागतं, ना जात.

दुपारच्या मोटारीनं महाराज गेले. धनीराम घरी गेला, ढोलीत उतरला, धान अंगावर घेत पुस्तकं बाहेर काढली. पुसली. पोरीच्या हातात देताना बोलला एवढंच, "माहं चुकलं, माय."

पण साहेब, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला तुम्ही काय सांगितलं? "घेतलेलं व्रत अर्धवट सोडू नये." तुमचा शब्द. दहा पोरांनी तो पाळला.

जूनमध्ये निकाल लागला. शेवंता पास. गणितात एकेचाळीस. आणि तुम्ही शाळेच्या फलकावर रंगीत खडूनं लिहिलं: 'श्री स्मृतिनाथ महाराजांच्या कृपेने कु. शेवंता उत्तीर्ण.' जिनं भस्म नवव्या दिवशी उकिरड्यावर फेकलं, तिच्या नावापुढे!

व्रत पुरं करणाऱ्या दहांपैकी आठ नापास झाले. त्यांची नावं फलकावर नाहीत. तिघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात उरकली.

ते आठ कोणाच्या कृपेनं, साहेब? खडू तुमच्याच हातात आहे. लिहा.