मॅडमना आवडलेला वाफा

निवृत्त झाल्यावर हेडसरांच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या: साखरेचा आजार आणि रिकामा वेळ. आपल्याला पथ्य लागलंय आणि गाव मात्र मजेत तळलेलं खातंय, हे त्यांना बघवेना. शाळेमागची पडीक जागा त्यांनी मागून घेतली, 'सामुदायिक आरोग्यबाग' अशी पाटी ठोकली आणि घरटी एकेक वाफा वाटून टाकला.

फुकट जमीन, फुकट पाणी. नको म्हणायला गाव काही खुळं नव्हतं. ठरलं होतं पालक, गाजर, कोबी. पण न्हाव्यानं विकायला गुलाब लावले, गिरणीवाल्यानं तंबाखू, आणि हेडसरांच्या सख्ख्या वहिनींनी आपल्या शेळ्यांसाठी लसूणघास.

"वहिनी, ही माणसांसाठी बाग आहे. जनावरांचा चारा कसला लावता?"

"शेळ्यांचं दूध कोण पितं भावजी? तुम्हीच ना?"

उभ्या शाळेला नुसत्या खाकरण्यानं गप्प करणारे हेडसर मान खाली घालून घरी गेले.

त्यात निरोप आला की आहार खात्याच्या मॅडम बाग बघायला येणार आहेत. हेडसरांचा स्वतःचा पालक तोवर अळ्यांनी जेवून संपवला होता आणि गाजरं करंगळीएवढीच राहिली होती. सगळ्या बागेत नजरेत भरेल असा हिरवागार वाफा एकच, वहिनींचा.

मॅडम आल्या त्या थेट तिथंच थांबल्या. "अगबाई, काय कोवळा पाला आहे!" असं म्हणत त्यांनी दोन पानं खुडून तोंडात टाकलीसुद्धा. "वा! याला काय म्हणता तुम्ही?"

हेडसरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी आभाळाकडे बघत होत्या.

"ही... आमच्याकडची जुनी पालेभाजी," हेडसर म्हणाले.

"कच्चीच खाता?"

"हो. रोज सकाळी."

खोटं बोलावं तर बेतानं बोलावं, हे पोरांना शिकवणाऱ्या माणसाला ऐनवेळी आठवलं नाही. "मग खाऊन दाखवा ना, फोटो घेऊ," मॅडम म्हणाल्या. हेडसरांनी मूठभर घास तोंडात कोंबला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना वाटलं, माणूस भारावला. कुंपणाबाहेर बांधलेली शेळी मात्र कळवळून ओरडत होती.

फोटो वर्तमानपत्रात आला आणि हेडसरांचे ग्रह फिरले. आठवड्याला पाहुण्यांची गाडी येऊ लागली आणि प्रत्येक गाडीपुढं त्यांना घास खाऊन दाखवावा लागू लागला. वहिनींनी शेजारचे चार वाफे गोड बोलून पदरात पाडून घेतले आणि घासाच्या जुड्या शहरातल्या बायकांना भाजीच्या दुप्पट भावानं विकायला सुरुवात केली. "भावजी, आज पाहुणे किती? त्या बेतानं कापते," असं त्या सकाळीच विचारून घेत. बायकोची तर वेगळीच तऱ्हा. दुपारी ताट मांडताना ती विचारायची, "अहो, वाढू का, की चरून आलात?"

शेवटी हेडसर मनाचा हिय्या करून मॅडमच्या कचेरीत गेले. "मॅडम, एक कबूल करायचंय. ती भाजी नाही हो. शेळ्यांचा चारा आहे."

मॅडमनी दार लोटून घेतलं. "मला ठाऊक आहे सर. आमच्या शिपायानं फोटो बघताच ओळखलं."

"मग?"

"मग काय? या भाजीवरचं माहितीपुस्तक छापून झालंय. वरिष्ठांनी त्यात प्रस्तावना लिहिलीय. आता त्यांना सांगू, की साहेब, तुम्ही चाऱ्याचं कौतुक केलंत?" त्यांनी आवाज मऊ केला. "आणि विषारी थोडंच आहे? तुम्ही फक्त नीट चावून खात जा."

हेडसर बसनं परतले ते मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन, कारण गावात वाटायचं कामही मॅडमनी त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. मुखपृष्ठावर तेच होते, गाल फुगवून, तोंडातून दोन काड्या बाहेर आलेले.

पहिली प्रत त्यांनी वहिनींच्या हातात ठेवली. वहिनींनी ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली.

"छान आलाय हो फोटो," त्या म्हणाल्या. "कान तेवढे जरा उभे वाटतायत."