पथ्यातली साखर

"चोरून काय काय खाता, ते आधी सांगा."

डॉक्टर हसत हसतच म्हणाले, पण दार उघडे होते आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले.

"चोरून?" रफूवाली म्हणाली. "भात सोडला, पाव सोडला, बटाटा सोडला. चहासुद्धा बिनसाखरेचा घेते. तुम्ही सांगितलंत तस्संच चाललंय."

"मग साखर उतरायच्या ऐवजी चढली कशी? हवेतून आली?"

"ते मला काय ठाऊक? ते तुम्ही सांगायचं."

"मावशी, या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण मला हेच सांगतो. रिपोर्ट खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. "डोळ्यांच्या पडद्यावर सूज आलीये. असंच चाललं तर सुईदोरा विसरा."

ती उठली. बाकासमोरून जाताना एक बाई शेजारणीला म्हणाली, "जीभ आवरत नाही बघ एकेकीची." रफूवालीची कानशिले तापली. उलटून बोलायला तोंडात शब्दही आले होते, पण ते गिळून ती जिना उतरली.

लाँड्रीच्या एका कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलामागे, तिची खुर्ची होती. सिगारेटने जळलेले कोट, खिळ्यात अडकून फाटलेल्या साड्या, कसर लागलेल्या शाली तिच्याकडे यायच्या. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून ती भोक असे विणून टाकायची, की खुद्द मालकाला जागा सापडू नये. हल्ली मात्र काळ्या कापडावर काळा धागा तिला दिसेनासा झाला होता. मागच्याच आठवड्यात एक कोट परत आला होता. लाँड्रीवाला काही बोलला नाही. त्याने कोट नुसता तिच्यासमोर ठेवला आणि गिऱ्हाइकाची माफी मागायला तो स्वतः बाहेर गेला. तिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले होते.

म्हणूनच तर तिने पथ्य एवढे कसोशीने धरले होते. लाँड्रीत कुणाच्या बढतीचा केक आला, तर ती मान फिरवून बसायची. "एका तुकड्याने काय होतंय?" असे म्हणणाऱ्यांशी तर तिने वैरच घेतले होते. "तुमच्या डोळ्यांना काही होत नाही, माझ्या होतं," असे ती फाडकन सुनवायची. आणि आता डॉक्टर म्हणतात, चोरून खाता!

त्या दुपारी लाँड्रीतली वीज गेली. इस्त्र्या थंड पडल्या, रफूला उजेड राहिला नाही. लाँड्रीवाल्याने सगळ्यांना घरी जायला सांगितले.

घरी ताई होती. दोघींनीही लग्न केले नव्हते. ताई म्हणे, धाकटीपायी राहिले. धाकटी म्हणे, ताईला सोडून कशी जाऊ. आणि भांडण झाले की दोघी एकमेकींना हा उपकार ऐकवत. घरातला स्वयंपाक ताईचा, बाहेरची मिळकत धाकटीची, हे वर्षानुवर्षे ठरलेले. पथ्य लागल्यापासून ताई धाकटीसाठी वेगळे रांधत होती. फ्लॉवरचे सूप, पालेभाजी, अंडी, वाफवलेला मासा. "तुझ्यासाठी दोनदा गॅससमोर उभी राहते," असे ती कुरकुरायची, पण कधी चुकवायची नाही.

दार लोटलेलेच होते. ताई ओट्याशी, दाराकडे पाठ करून उभी होती. तिने उकडलेला बटाटा मुठीत चुरून सुपात सोडला, पळीने घोटून पार दिसेनासा केला. मग डबा उघडून वरून साखरेचा चमचा ओतला. शेजारी वाडग्यात अंडी फेटलेली होती. त्यांतही तिने मूठभर मैदा टाकला.

"ताई."

ताईच्या हातातून चमचा पडला.

"रोज घालतेस?"

ताई चमचा उचलायला वाकली.

"मी विचारतेय, रोज घालतेस?"

"अगं, चव नको का त्याला? नुसतं पांढरं पाणी..."

"मला आज भर दवाखान्यात खोटारडी म्हणाले! बाहेरच्या बायका हसल्या! मी शपथा घ्यायच्या, आणि तू इथे..." तिला धाप लागली. "माझे डोळे चाललेत, ताई. कोट परत यायला लागलेत."

"आणि तू चाललीस त्याचं काय?" ताई वळली. आता तीही तापली होती. "आरशात बघतेस कधी? गालफडं बसली, ब्लाउज अंगावर लटकतो. पाला खाऊन माणूस जगतं का? तुला भुकेनं रडताना मी पाहिलंय, चिमणे. तू विसरली असशील."

धाकटी विसरली नव्हती. बाबांचा कारखाना बंद पडला आणि आई दिवसभर लोकांच्या घरी कामाला जायला लागली, तेव्हा ताई जेमतेम ओट्याच्या उंचीची होती. पाण्यात पीठ कालवून ती पेज करायची आणि धाकटीच्या ताटलीत वरून चिमूटभर साखर भुरभुरायची. ती साखर विरघळायच्या आत बोटाने चाटायची, हा धाकटीचा खेळ. त्या गोडीच्या तोडीचे तिने पुढे आयुष्यात काही खाल्ले नाही. ताई स्वतः काय खायची, हे तिला खूप मोठी झाल्यावर कळले. पातेल्याला चिकटलेले खरवडून, त्यात पाणी घालून ती पिऊन टाकायची.

हे सगळे तिला आठवले आणि तरीही तिचा राग तसूभर कमी झाला नाही. उलट वाढला, कारण आता तो मोकळेपणाने काढताही येईना.

"तेव्हा साखरेनं जगवलंस," ती म्हणाली. "आता त्याच साखरेनं आंधळी करतेस."

ताईचा चेहरा उतरला. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. धाकटीने सूप मोरीत ओतले.

दुसऱ्या दिवसापासून ताईने धाकटीचे पातेले चढवणे सोडले. स्वतःपुरते थोडे उकडायची, तेही अर्धे टाकायची. धाकटी सकाळी कोबी चिरून, अंडी उकडून डबा भरायची. संध्याकाळी मासा नाहीतर मोडाची कडधान्ये. मीठ कधी जास्त, कधी नाहीच. भूक लागायची, चिडचिड व्हायची. घरात बोलणे उरले होते ते "दूध आलं का" आणि "दार लाव" एवढेच.

पुढच्या तपासणीत साखर बरीच खाली आली. डॉक्टर खूश झाले.

"बघा मावशी! मनावर घेतलं की जमतं."

"मनावर आधीही घेतलं होतं," ती म्हणाली. "मी चोरून खात नव्हते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, ते परत घ्या."

"अहो, मी आपलं सगळ्यांनाच बोलतो तसं..."

"सगळ्यांना बोलू नका. आधी विचारत जा, घरी कोण रांधतं."

"मग तेव्हा साखर कशाने वाढत होती?"

ताईचे नाव अगदी ओठांवर आले होते.

"ते आमच्या घरातलं आहे," ती म्हणाली. "तुमचं तेवढं परत घ्या."

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावले. ती हलली नाही. पुढचा पेशंट दारात अवघडून उभा राहिला. शेवटी डॉक्टर कागदात बघत म्हणाले, "बरं बरं, चुकलं." एवढ्या हळू, की ते बाकापर्यंत पोचणे शक्यच नव्हते. ती तणतणतच बाहेर पडली.

संध्याकाळी ती ओट्याशी भोपळी मिरच्या चिरत होती. ताई दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हणाले?"

"उतरली."

"माझं सांगितलंस?"

"नाही."

ताईने पुढे येऊन धाकटीच्या हातातली सुरी काढून घेतली. "किती जाड चिरतेस. शिजायच्या कशा?"

तिने मिरच्या कागदासारख्या पातळ चिरल्या, कढईत टाकल्या, परतल्या. त्यांचा वास घरभर पसरला. मग पळी कडेला ठेवून ती ओट्यापासून मागे सरकली, पार भिंतीला पाठ लागेपर्यंत.

"मीठमसाला तू घाल," ती म्हणाली आणि धाकटीला नीट दिसावेत असे दोन्ही हात पुढे धरून, तळवे उघडे ठेवून उभी राहिली.